फ्रेममधलं अनोळखी जोडपं

एका भिंतीवर एक फ्रेम होती. दुकानदाराने नमुन्यासाठी लावलेलं अनोळखी जोडपं तिच्यात अजून तसंच हसत होतं.

"काय गं, हे तुझे कोण?" घरधनी मुकुंदरावांचा मोबाइल तिला चिडवायचा. "माझ्याकडे बघ, आपल्या माणसांचे हजारो फोटो आहेत!"

"मग त्यातला एक दे ना. मी खिळ्यावरून हलले नाही कधी. आपले मालक-मालकीण समुद्रावर कसे दिसतात, ते बघायचंय मला."

"देईन की. पळून चाललेत का फोटो?"

मुकुंदरावही बायकोला तेच सांगायचे, "येत्या रविवारी छापून आणतो, शैला."

एका दुपारी शैलाताई मेथी निवडत होत्या, तेव्हा मुकुंदराव गेल्याची बातमी आली. संध्याकाळी मोबाइल एकटाच घरी परतला.

भेटायला आलेल्या शेजारणीने भिंतीकडे पाहून विचारलं, "हे कोण हो, वहिनी?"

"कोणी नाही. फ्रेमबरोबर आलेत."

सगळे गेल्यावर फ्रेम हळूच म्हणाली, "आता तरी दे रे."

"कसा देऊ?" मोबाइल म्हणाला. "माझं कुलूप त्यांच्याच अंगठ्याने उघडायचं."

समुद्रावरचा फोटो छापायचा राहिला.