भुरक्याचा मधला धागा

फार मागे कधीतरी करवंदीच्या झुडपात भुरक्या नावाचा एक कोळी राहायचा. त्याने दोन फांद्यांमध्ये भक्कम धागे ताणले आणि रानातल्या कोळ्यांना सांगितलं, "हा सांगाडा सगळ्यांचा. या, आपापलं जाळं विणा. काही द्यायचं नाही."

"कोळी फुकट बोलावतोय म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं आहे," ठिपकी आत्या नावाची म्हातारी कोळीण म्हणाली. तरी काही जण गेलेच.

त्यातल्या एकाने तुटलेला धागा जोडला, तोच भुरक्या धावत आला. "कुणाला विचारून हात लावलास?"

"सगळ्यांचा म्हणालास ना? आणि तुला कळलं कसं?"

कळणारच. भुरक्याचा एक पाय कायम मधल्या धाग्यावर असायचा. कुठे जरा हललं की त्याला समजायचं. ते पाहून सगळे निघून गेले.

धागे सैल पडू लागले. एकट्याला ते आवरेनात. शेवटी भुरक्याने हाक मारली, "आत्या, हा बघ, पाय उचलला. आता तरी ये."

आत्या फांदीवरूनच म्हणाली, "एक उचललास. बाकीचे सात कुठे आहेत?"

भुरक्याने खाली पाहिलं. सातही धाग्यांवरच होते. तो शेजारच्या पानावर उतरला.

तेव्हा कुठे आत्याने पहिला धागा ओढला.