कोठारातली ज्वारी

"कुलूप उघडायचं नाही, आत डोकावायचं नाही, आणि कोणाच्या कोठारात तोफेची दारू दडवली आहे ते सांगायचं! संध्याकाळपर्यंत! नाहीतर उद्या सकाळी तोफा सुरू!" पैलगडचे राजे गावकऱ्यांवर कडाडले.

ऐलगडच्या राजांनीही मान डोलावली. तीन वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, तेही असलं!

दोन्ही गडांच्या मधोमध मधलीवाडी. तोफा उडाल्या की गोळे पडणार ते तिथेच. सगळी दारू नदीत बुडवली, आता कोठारात फक्त ज्वारी, अशी शपथ दोन्ही राजांनी घेतली होती. पण दाखवा म्हटलं की लगेच अपमान! राजाच्या शब्दावर संशय? आधी त्यांनी कुलूप काढावं! दोन्ही दरबारांचे वकील तीन वर्षं मधलीवाडीत तळ ठोकून होते आणि आधी कोणी खोकायचं यावरही त्यांची बोलणी अडत. त्यांच्या भाकऱ्या थापून थापून धुरपदाबाईचे हात भरून आले होते.

तीच पुढे आली. "म्या सांगते महाराज. फकस्त आजचं जेवाण हितं नको. ऐलगडावर पंगत मांडा."

पंगत बसली. ऐलगडचे राजे यजमान, पैलगडचे पाहुणे. धुरपदाबाईने कोठाराच्या दाराला लागून चुलीचे तीन दगड मांडले आणि खापरावर पेटती गोवरी घेऊन आली.

ऐलगडचे राजे ताडकन उठले. "अगं ए! लांब! लांब हो तिथून!"

"का वं महाराज? आत ज्वारीच हाय न्हवं? लई तर लाह्या हुतील!"

राजांना दरदरून घाम फुटला. पैलगडचे राजे मांडीवर थाप मारून हसू लागले. "सापडलात! सापडलात!"

"हसा महाराज, पोटभर हसा. माझी जाऊ मघाशीच तुमच्या गडावर गेलीया. तुमच्या कोठाराम्होरं चूल मांडून बसली आसंल. हितला धूर दिसला की तीबी पेटवणार."

पैलगडचे राजे हातातला घास टाकून धावले आणि आपला पाण्याचा तांब्या त्यांनी स्वतः त्या गोवरीवर उपडा केला!

"मिळालं उत्तर," धुरपदाबाई म्हणाली. "दोघांच्याबी कोठारात!"



"बरं, उद्या दोघांनी एकदमच बुडवू," ऐलगडचे राजे शेवटी पुटपुटले. "पण हे थोडी दुसरीकडे दडवतीलच!"

"आणि तुम्ही नाही दडवणार!" पैलगडचे राजे उसळले.

"मग दर म्हैन्याला एकमेकांकडं जेवाया जावा की! चूल कुठं मांडायची त्ये पाव्हण्यानं ऐन वक्ताला सांगायचं. कोठारात, तळघरात, राणीसायबांच्या माडीवर, कुठंबी! आन् पेटवायची यजमानानं, सोताच्या हातानं. ज्याचा हात थरथरला, त्यो लबाड!"

राजांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघेही खो खो हसत सुटले.

"माग बाई! काय हवं ते माग!"

"ह्ये वकील तेवढं घिऊन जावा! तीन वर्सांत मेल्यांनी गावात एक कोंबडं ठिवलं न्हाई!"

दुसऱ्या दिवशी दारू नदीत गेली आणि वकील आपापल्या गडावर गेले. शिवाय दोन्ही राजांनी खूश होऊन मधलीवाडीला गाडीगाडीभर कोंबड्या कबूल केल्या. आधी कोणी पाठवायच्या, यावर मात्र चार दिवस घोळ चालला!