धुळाबाईची डोण

पाय खाली घ्या, पाव्हणं. ती बसायची जागा नाही.

राग मानू नका, तुम्हाला ठाऊक नसणार. ही आमच्या निंबखोरीची डोण. अखंड खडकात कोरलेली कुंडी, पंचवीस हात लांब. काठ बघा कसा गुळगुळीत झालाय. तोंडं लागून लागून झालाय तो. कुत्र्यांची तोंडं आणि माणसांचीही.

चंपाषष्ठीला वर देवळात खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की तो आधी इथं येतो. डोण भरतात. गावची कुत्री जेवतात. मग गाव गुडघे टेकतं. सरपंच, शाळेचे गुरुजी, पुण्याहून आलेली पोरं, नव्या सुना, सगळे. उजवा हात पाठीशी धरायचा, डावा भुईला टेकायचा आणि कुत्र्याशेजारी वाकून तोंडानं एक घास उचलायचा. घास गिळला की उगवतीकडं तोंड करून सगळ्यांनी मिळून एकदा भुंकायचं.

हसा, हसा. पहिल्यांदा सगळेच हसतात. आमची ही लग्नानंतरच्या पहिल्या चंपाषष्ठीला एवढी हसली की घास नाकात गेला. माझी आई तीन दिवस तिच्याशी बोलली नाही. आता तीच सगळ्यांत मोठ्यानं भुंकते.

मी मार्तंड गुरव. देवाची पूजा आमच्या घराण्याकडं आहे, आणि ही गोष्ट सांगायचं कामही. माझ्या आज्यानं सांगितली तशी सांगतो. त्यात आमच्या घराण्याची शोभा नाही, पण ते वगळून सांगायची परवानगी नाही.

त्या काळी उगवतीच्या टेकडीवर गढी होती. तिथं एक जहागीरदार राहायचा. त्याचं नाव विचारू नका. गावानं ते मुद्दाम टाकून दिलं. त्याला शिकारीचा नाद, आणि शिकारीपेक्षा कुत्र्यांचा जास्त. वीस कुत्री होती म्हणे पदरी. कारवानी होती, लांब तोंडाची, सडपातळ. माळावर ससा उठला की डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याच्या मानेवर. पाशमी होती, कानांवर आणि पायांवर रेशमासारखे केस असलेली. देखणी जनावरं! त्यांचं कौतुक करायला मला कमीपणा वाटत नाही. देवानंच घडवलेली ती. पण जहागीरदाराचा जीव कुत्र्यावर नव्हता, जातीवर होता. दिवसभर साखळीला बांधून ठेवायचा. शिकारीच्या आदल्या दिवशी उपाशी ठेवायचा. एखाद्याचा पाय मोडला की तटावरून खाली टाकून द्यायचा. खालच्या ओढ्याला अजून हाडकीचा ओढा म्हणतात.

त्या कुत्र्यांत चांदणी नावाची पांढरीशुभ्र पाशमी कुत्री होती. तिची पिल्लं एका बड्या सरदाराला नजराणा द्यायचं जहागीरदारानं भर दरबारात कबूल केलं होतं. आणि एके दिवशी चांदणी साखळी तोडून पळाली ती थेट निंबखोरीच्या माळावर.

माळावर धुळाबाई धनगरीण मेंढरं राखायची. नवरा वारलेला, पदरी मूल नाही. होतं ते चाळीस मेंढरं आणि तांब्या. तांब्या म्हणजे तिचा कुत्रा. तांब्याच्या भांड्याच्या रंगाचा, शेपटी पाठीवर गुंडाळलेली, एक कान लांडग्यानं फाडलेला. जात विचाराल तर गावठी. पण त्याच्या जिवावर ती बाई एकटी माळावर झोपायची. दोनदा लांडगा आला आणि दोन्ही वेळा तांब्यानं त्याला पिटाळला, असं सांगतात. ती भाकरी मोडायची तेव्हा पहिला तुकडा त्याचा असायचा.

चांदणी तांब्याबरोबर तीन दिवस हिंडली. चौथ्या दिवशी गढीवरची माणसं तिला धरून घेऊन गेली. दोन महिन्यांनी ती व्याली. पाच पिल्लं, पाचही तांबडी. थोडी मोठी झाली तशा शेपट्या पाठीवर वळल्या. सरदाराचा माणूस पिल्लं न्यायला आला, त्यानं त्या शेपट्या पाहिल्या आणि पोट धरधरून हसला म्हणे. भर दरबारात जहागीरदाराचं नाक कापलं गेलं.

मग काय! वड्याचं तेल वांग्यावर. त्यानं हुकूम सोडला. चंपाषष्ठीच्या दिवशी निंबखोरीतलं प्रत्येक गावठी कुत्रं मारायचं, तांब्यापासून सुरुवात करायची, आणि संध्याकाळी ती पाच पिल्लंही बुडवायची. एकही बाटगं जनावर जहागिरीत दिसता कामा नये.

गावाच्या तोंडचं पाणी पळालं. खरं ते सांगतो, आमचं गाव आधी शूर नव्हतं. कोणी आपलं कुत्रं दाराबाहेर बांधून ठेवलं, शिपायांना सोपं जावं म्हणून. कोणी डोळे पुसत कुत्र्याला शेवटचं दूध पाजलं. धुळाबाई पाटलाच्या दारात गेली. पाटील म्हणाला, "धुळे, कुत्र्यापायी माणसं मारून घ्यायची का?"

ती म्हणाली, "पाटील, आज कुत्री दिली की उद्या मेंढरं मागंल. परवा लेकीबाळी. आन् माळावर लांडगा आला तर त्याला काय तुमची पाटीलकी दावू?"

पाटील गप्प बसला. गप्प बसणारा माणूस वाईटच असतो असं नाही, पण त्या वेळी त्याचा उपयोग शून्य असतो.

तिथून ती देवळात आली. आता इथं आमचा पूर्वज येतो. तेव्हाचा गुरव. धुळाबाई त्याला म्हणाली, "मला वाघ्या कर."

वाघ्या म्हणजे कोण, ते तुम्हाला सांगायला हवं. खंडोबाला नवसानं वाहून घेतलेला माणूस. तो स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतो. पूर्वी वाघ्ये देवापुढं भुंकायचे, भिक्षेचं अन्न हात न लावता तोंडानं खायचे. त्यांच्या अंगाला हात लावणं म्हणजे देवाच्या कुत्र्याला काठी मारणं. धुळाबाईचा हिशेब सरळ होता. मी देवाचं कुत्रं झाले, तर माझ्या पंगतीच्या कुत्र्यांना कोण मारतो ते बघू.

आमचा पूर्वज म्हणाला, "बाईमाणूस मुरळी होतं, वाघ्या होत नाही. शास्तर नाही तसं."

शास्तर! गढीवरून दर सणाला धोतरजोडी यायची त्याला, ते होतं त्याचं शास्तर. माझाच पूर्वज आहे, म्हणून मी बोलतो. तुम्ही बोलू नका.

धुळाबाई हुज्जत घालत बसली नाही. तिनं देवापुढच्या परातीतला भंडारा स्वतःच्या हातानं उचलला आणि कपाळभर फासला. म्हणाली, "देवाच्या घोड्यासंगं कुत्रं धावतं. ते गडी का बाई, कुणी इचारलंय?" आणि ती पायऱ्या उतरून या डोणीपाशी आली. तेव्हा ही मेंढरांना पाणी पाजायची साधी डोण होती. तिनं पाणी उपसून टाकलं, घरचं भरीत आणि रोडगे कुस्करून डोणीत घातले, आणि गल्लीगल्लीत फिरून बांधलेल्या सगळ्या कुत्र्यांचे दोर कापले. लंगडी, खरुजलेली, म्हातारी, लेकुरवाळी, सगळी तिच्या मागोमाग आली. मधोमध तांब्या. आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकून ती डोणीत तोंड घालून जेवायला लागली.

दुपारी बारा भालेकरी आले. त्यांचा नाईक म्हणाला, "बाई, बाजूला हो."

धुळाबाईनं डोणीतून तोंड वर काढलं आणि त्याच्यावर भुंकली.

नाईकाच्या कपाळालाही भंडारा होता. तो थबकला. तेवढ्यात शेजारची एक म्हातारी आली, धुळाबाईच्या डाव्या अंगाला बसली आणि वाकली. तिच्या पाठोपाठ तिचा लेक. मग कुंभाराची सून, पोट सातव्या महिन्याचं, तरी वाकली. मग एकेक करत सगळी आळी. पाटील आला, पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि वाकला. सगळ्यांत शेवटी आमचा पूर्वज. आजोबा म्हणायचे, "शेवटी का होईना, वाकला. नाहीतर आज आपल्याला तोंड दाखवायला जागा नसती." दोन कुत्र्यांमध्ये एक माणूस, दोन माणसांमध्ये एक कुत्रं. भाला मारायला फट म्हणून राहिली नाही. नाईकानं भाला भुईला टेकवला. बाकीच्या अकरा जणांनीही.

इतक्यात जहागीरदार स्वतः घोड्यावरून आला, मागं नोकरांच्या हातात वीस कुत्री साखळदंडात. समोरचा देखावा बघून त्याच्या अंगाची लाही लाही झाली. "माणसं नसतील मारत, तर कुत्री मारतील," तो ओरडला. "सोडा!"

साखळ्या सुटल्या. कारवानी आणि पाशमी वाऱ्यासारखी आली. गावानं डोळे मिटले. कोणी उठलं मात्र नाही, हे लक्षात ठेवा. आणि ती वीस जातिवंत कुत्री डोणीपाशी आली, गावठी कुत्र्यांच्या अंगाला अंग लावून उभी राहिली आणि भरीत-रोडगा खायला लागली. चांदणी तांब्याशेजारी. कोणी म्हणतं हा मल्हारीचा चमत्कार. कोणी म्हणतं आदल्या दिवसापासून उपाशी होती, दुसरं काय करणार? मला विचाराल तर उपाशी जीव चावायचं सोडून पंगतीला बसला, यापेक्षा मोठा चमत्कार मला नको.

जहागीरदाराकडं आता फक्त स्वतःचा भाला उरला. त्यानं तो तांब्यावर फेकला. धुळाबाईनं तांब्याला पोटाशी ओढलं. भाला तिच्या उजव्या खांद्यात घुसला. रक्त डोणीत पडलं.

मग धुळाबाई तशीच, भाला खांद्यात, जहागीरदाराकडं तोंड करून भुंकली. आणि तिच्यामागं सगळं गाव भुंकलं. पाटील भुंकला, कुंभाराची सून भुंकली, बारा भालेकरी भुंकले, तांब्या भुंकला, जहागीरदाराची स्वतःची वीस कुत्री त्याच्यावर भुंकली. तो आवाज असा उठला की त्याचा घोडा बिथरला आणि त्याला धोंड्यावर टाकून पळाला. जहागीरदार गढीपर्यंत पायी पळत गेला. मागं वळून पाहिलं नाही. त्याच संध्याकाळी नाईक पाचही पिल्लं घोंगड्यात गुंडाळून घेऊन आला आणि धुळाबाईच्या पुढ्यात ठेवली.

धुळाबाई जगली. वीस वर्षं जगली. उजवा हात कायमचा लुळा पडला, म्हणून आम्ही उजवा हात पाठीशी धरतो. बाई वाघ्या होत नाही, असं तिच्यासमोर पुन्हा कोणी म्हटलं नाही. गढीची वीस कुत्री परत गेली नाहीत. इथंच राहिली, इथंच व्याली, आणि निंबखोरीत लांब पायांची, वळलेल्या शेपटीची कुत्री दिसायला लागली.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या गोष्टी आहेत. तर ऐका. सात वर्षांमागं कुणाच्या तरी तक्रारीवरून कुत्री उचलायला जाळीची गाडी आली होती. गाव येऊन या डोणीभोवती बसलं. गाडी रिकामी गेली. पण तक्रारही खोटी नव्हती, एका पोराला कुत्रं चावलं होतं. आम्ही काही देवभोळे नाही. तेव्हापासून चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी गुरांचे डॉक्टर इथं बसतात. प्रत्येक कुत्र्याला लस टोचायची, वंशापुरती सोडून बाकीच्यांची नसबंदी करायची, खरूज असेल तर औषध. त्यानंतरच पंगत. नुसता घास टाकून पुण्य लागत नाही, साहेब. पायात काटा रुतला तर तोही काढावा लागतो.

आणि आजही तालुक्याला कुत्र्यांचं प्रदर्शन भरतं, तिथं आम्ही दरवर्षी आमची कुत्री घेऊन जातो. मोठा मंडप असतो. कारवानी येतात, पाशमी येतात, परदेशी येतात, सगळी गोड जनावरं, आम्ही सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवतो. अर्जावर जातीचा रकाना असतो. तिथं आमचा माणूस लिहितो, 'धुळाबाईची'. टेबलामागचा साहेब म्हणतो, अशी जात नाही. आमचा माणूस म्हणतो, आहे, ही काय समोर उभी आहे. मग अर्ज बाद होतो. दरवर्षी बाद होतो. आम्ही अर्ज घडी करून खिशात घालतो, मंडपाबाहेर येतो, दोनशे-अडीचशे माणसं आणि तेवढीच कुत्री, आणि मंडपाकडं तोंड करून एकदा भुंकतो.