करंजवण्याचं पेव

चाळीस वर्षांपूर्वीच्या युद्धात तेव्हाच्या राजाच्याच सैन्याने करंजवणे गाव जाळलं, तेव्हा धान्याच्या जमिनीखालच्या पेवात लपलेली साठ माणसं धुराने गुदमरून मेली. भागूबाईची आई त्यांतच गेली. त्यानंतर कुठलाच राजा तिकडे फिरकला नव्हता. शेवटी भागूबाईच दरबारात उभी राहिली.

"महाराज, एकदा येऊन पेवावर फूल वाहा."

प्रधान खेकसला, "अहो बाई, तेव्हा महाराज जन्मलेही नव्हते! त्यांचा काय संबंध?"

राजानेही मान डोलावली.

"खरंच की," भागूबाई म्हणाली. "मग त्याच युद्धाच्या विजयाची मिरवणूक परवा निघतेय, तिच्यात हत्तीवर कोण बसणार?"

प्रधान पागोटं सावरत राहिला.

राजा उठला. "परवा हत्ती निघणार नाही. बाई, करंजवण्याला पायी किती वेळ लागतो?"