आमरी कुणाच्या दारी जात नाही

एका राज्यात दोन तऱ्हेची माणसं राहत होती, कोरड्या पायांची आणि ओल्या पायांची. कोरड्या पायांची गडावर, फरसबंदीवर चालत. ओल्या पायांची खाली दलदलीत, निवराच्या झाडांमधून बांबूनं डोणी हाकत. गडावरचे म्हणत, ही चिखलातली माणसं. खालचे म्हणत, हो, चिखल आमचाच आहे.

त्या झाडांवर रातआमरी उगवायची. फूल पांढरं, बोटाएवढं. दिवसा त्याला वास नाही. दिवेलागण झाली की असा दरवळ सुटायचा की मासे पाण्यावर येऊन तोंड उघडत. ओल्या पायांचा एकच रिवाज होता. आमरी तोडायची नाही, घरी न्यायची नाही. बाळंतीण असो की पाटील असो, ज्याला वास हवा त्यानं झाडाखाली जायचं, लोंबत्या मुळांवर ओंजळभर पाणी घालायचं आणि गप्प बसायचं.

गडावर धवलकीर्ती नावाचा राजा होता. त्याच्या पदरी उग्रजट नावाचा मांत्रिक. तो म्हणाला, "महाराज, हे बांडगूळ आहे. झाडाचं रक्त पिऊन फुलतं. खरवडून टाका. फुलांचं मी अत्तर करतो."

राजानं खाली उतरून पाहिलं नाही. शिपाई कोयते घेऊन आले आणि तीनशे झाडं खरवडली. तेव्हा दलदलीतला सर्वात जुना निवर बोलला, "आमच्या अंगावरच्या लेकी ज्यानं ओरबाडल्या, त्याच्या गडावर कुणाच्या डोळ्याला डोळा लागणार नाही."

बोलला आणि तसंच झालं. राजा जागा, राणी जागी, पागेतले घोडे जागे. पाळण्यातली पोरं टक्क डोळ्यांनी छताकडे बघत. अत्तराच्या कुप्या उघडल्या तर आत चिखलाचं पाणी.

मांत्रिक म्हणाला, "आमरीचा वास आला की झोप येईल." मग राजानं खरवडताना सुटलेली फुलं सोन्याच्या डबीत आणवली. गडाच्या दरवाजात ती काळी पडली. मग फुलासकट फांदी आणवली. पायऱ्यांवरच तिचा भुसा झाला. मग अख्खं झाड हत्तींना ओढायला लावलं. हत्ती सुळ्यांपर्यंत रुतले, आणि त्यांना बाहेर काढलं कुणी? ओल्या पायांच्या बायकांनी. कुणी आभार मानले नाहीत.

मांत्रिक चिडला. "दलदलच जाळा. शाप जळेल." राजाला सात महिने झोप नव्हती, त्यानं मान डोलावली. तिसऱ्या दिवशी आग लावायची ठरली.

आता एकच आमरी उरली होती, त्या जुन्या निवरावर. ती राहिली कारण झाडाखाली केवळा कोयता घेऊन उभी होती. केवळा डोण हाकणारी, पंचेचाळिशीची, तळहाताला बांबूचे घट्टे. तिच्या डोणीच्या टोकाला एक रातढोकरी बसायची. ती पाखराच्या तोंडानं माणसाचं बोलायची.

"बाये, आता?" रातढोकरी म्हणाली.

"आता गडावर."

"चिखलाच्या पायांनी?"

"दुसरे पाय नाहीत मला."

तिसऱ्या दिवशी सकाळीच केवळा दरबारात गेली. फरशीवर तिची पावलं उमटत गेली. मांत्रिक ओरडला, "थांब! फरशी विटाळली!"

"पुसून घे," केवळा म्हणाली. "तसाही जागाच आहेस."

राजाचे डोळे जास्वंदीसारखे लाल. तो म्हणाला, "फूल आणलंस?"

"फूल येत नाही, राजा. माणूस जातं. तीन कामं सांगते. तुझी तू करायची. जमली तर झोपशील. नाही जमली तर लाव आग, मी झाडाला पाठ लावून बसते."

"राजाला कामं सांगतेस?"

"कुणीतरी आधीच सांगायला हवी होती."

राजा उठला.

पहिलं काम, पायातलं काढून चिखलात उतरायचं. राजा गुडघ्यापर्यंत बुडाला. रातढोकरी म्हणाली, "बरे आहेत की पाय." दुसरं काम, डोण आपल्या हातानं हाकायची. राजानं बांबू रोवला, डोण गोल फिरली. पुन्हा रोवला, पुन्हा फिरली. केवळा हसली नाही, शिकवलंही नाही. सांजेला डोण झाडाला टेकली तेव्हा राजाच्या तळहातांना फोड आले होते.

"तिसरं," केवळा म्हणाली. "चढ. आणि हातानं चाचपून सांग, मूळ सालीत कुठं शिरलंय?"

राजा चढला. त्यानं बोटं फिरवली. मुळं सालीला नुसती धरून होती, जशी पोर आईच्या कमरेला धरते. उरलेली वाऱ्यात लोंबत धुकं पीत होती. साल अखंड होती, हिरवी होती.

"कुठंच नाही," राजा म्हणाला.

"मग कोण खात होतं झाडाला?"

राजानं खाली पाहिलं. काठावर मशाली घेऊन शिपाई उभे होते, पुढे मांत्रिक. राजा म्हणाला, "मी. न बघता." मग तो उतरला, ओंजळ भरली, ती सांभाळत कोपरांनी पुन्हा वर चढला. निम्मं पाणी सांडलं. उरलेलं त्यानं मुळांवर घातलं.

अंधार पडला. आमरी उघडली.

दरवळ काठावर पोचला, तसे शिपाई मशाली पाण्यात टाकून जागच्या जागी आडवे झाले. दरवळ गडावर चढला, घोडे बसले, राणीची मान कलली, पोरांच्या पापण्या मिटल्या. राजा डोणीच्या तळाशी चिखलात झोपला आणि घोरला. मांत्रिक तेवढा जागा राहिला. तो सकाळपर्यंत चालत चालत राज्याबाहेर गेला, अजून चालतोच आहे.

तीन दिवस झोपून चौथ्या दिवशी राजा उठला. खरवडलेल्या तीनशे झाडांवर पोपटी कोंब आले होते. त्यानं तिथंच हुकूम दिला: निवराला कोयता लावायचा नाही, आणि ओल्या पायांना गडाचा दरवाजा उघडा.

मग तो केवळाला म्हणाला, "बाई, माग काय हवं ते."

"मी मागायला आले नव्हते, राजा. तू आला होतास."

राजा गडावर परतला. सेवकांनी सोन्याचं घंगाळ आणलं, पाय धुवायला. राजानं आपल्या पायांकडे पाहिलं. चिखल वाळून पांढरा झाला होता.

"राहू दे," तो म्हणाला, आणि तसाच फरशीवरून चालत सिंहासनाकडे गेला.