दोर हातात, तोंड बंद

फार वर्षांपूर्वी, भाळवड गावात एकही विहीर नव्हती तेव्हा, सिदबा नावाचा विहीर खणणारा आणि त्याचा मुलगा खेमा तिथे आले. कुठून आले ते कुणी विचारलं नाही. तहानलेल्या गावाला असले प्रश्न सुचत नाहीत. सिदबा दोन्ही डोळ्यांनी आंधळा होता. पण त्याने जमिनीला कान लावला, की खाली पाणी कुठे आणि किती खोल वाहतंय ते त्याला ऐकू यायचं, असं म्हणतात. आणि विहिरीच्या तळाशी तसाही अंधारच. तिथे सिदबा आपल्या घरात वावरावं तसा वावरायचा.

बाप खाली खणायचा आणि मुलगा वर रहाटाशी उभा राहायचा. दोराच्या टोकाला एक फळी बांधलेली होती. वर यायचं झालं की सिदबा तिच्यावर बसून दोराला हिसका द्यायचा, मग खेमा त्याला ओढून घ्यायचा. त्यांच्यात नियम एकच होता. दोर हातात असला की तोंड बंद. बोलणाऱ्याचं ध्यान बोलण्यात जातं, आणि दोराला तर बापाचा जीव टांगलेला. खेमाने हा नियम लहानपणापासून पाळला होता. कुणी हाक मारली तरी तो मान हलवायचा नाही.

मुरूम संपला, खडक लागला, चार पुरुष खोल खड्डा झाला, तरी पाण्याचा थेंब नाही. गावाचा धीर सुटत चालला. त्या गावात हैबती नावाचा एक गडी होता. अंगाने दांडगा, कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही. एका दुपारी तो चार माणसं जमवून विहिरीवर आला. खेमा तेव्हा बापाला वर ओढत होता. हैबती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "ह्यो आंधळा पानी न्हाई हुडकत. सवताचं मढं पुराया खड्डा खनतोय. आन् गाव त्या मढ्याला भाकर घालतंय."

माणसं हसली. खेमाच्या अंगाचा तिळपापड झाला. बापासाठी बोलायलाच हवं होतं, पण दोर हातात होता. मग त्याने जे केलं ते दोर ओढणाऱ्या पोरालाच सुचावं. उत्तर देता यावं म्हणून त्याने दोर आधी खुंट्याला गुंडाळला. तीन वेढे घालायचे असतात. संतापलेल्या माणसाला तीनपर्यंत मोजणंही जड जातं. त्याने एक वेढा घातला आणि हैबतीकडे तोंड वळवलं. शब्द ओठांवर यायच्या आत दोर सुटला.

सिदबा संध्याकाळपर्यंत जगला. विहिरीत आवाज फार स्वच्छ उतरतो, त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तो म्हणाला, "हैबतीचं बोलनं मी ऐकलं, पोरा. त्ये काय मला लागलं न्हाई. तू दोर सोडलास, त्येवढं लागलं." एवढं बोलून त्याने प्राण सोडला. खेमा रडला नाही, असं म्हणतात. त्याचे डोळे त्या गावासारखे कोरडेठाक होते.

आता गावाला सल्ले सुचले. कुणी म्हणालं, खेमाने गप्पच बसायला हवं होतं. कुणी म्हणालं, हैबतीचं डोकं फोडायला हवं होतं, अजूनही वेळ गेलेली नाही. दोन्हीकडच्या शहाण्यांचे बाप घरी सुखरूप बसले होते. हैबती मात्र दाराला अडसर लावून, हातात कोयता घेऊन तीन दिवस आत बसून राहिला. चौथ्या दिवशी खेमा त्याच्या दाराशी आला. सगळं गाव बघत होतं. हैबतीच्या म्हाताऱ्या आईने आपल्या हाताने अडसर काढला.

खेमा म्हणाला, "मला खाली जायाचंय. दोर धराया चल."

हैबतीला वाटलं, हा फसवतोय. मग त्याच्या ध्यानात आलं, की विहिरीत उतरणार खेमा आणि दोर राहणार आपल्या हातात. कोयत्याहून ते जड वाटलं त्याला. पण म्हातारी दारातून हटेना. तो निमूट निघाला. विहिरीवर खेमाने त्याला नियम सांगितला आणि फळीवर बसला.

खाली उतरल्यावर पहार चालवता चालवता खेमा बोलायला लागला. बापासाठी जे बोलायचं राहून गेलं होतं, ते सगळं. सिदबाचे डोळे कसे गेले ते त्याने सांगितलं. सुरुंगाजवळ खेळणारं कुणाचं तरी पोर उचलायला तो धावला होता. दुष्काळात चिंचोके चघळून तो पोट भरलं म्हणायचा. तापाने फणफणलेल्या खेमाला त्याने खांद्यावर घालून बारा कोस चालत नेलं होतं. तो गायचा फार वाईट, आणि एवढ्या विहिरी खणूनही बेडकाला भ्यायचा. वर हैबतीच्या हातात दोर, त्यामुळे तोंड बंद. त्याला ऐकावंच लागलं. पहिल्या दिवशी त्याने दात आवळून ऐकलं. आठ दिवसांनी तो उजाडायच्या आत विहिरीवर येऊन बसायला लागला. आणि गावातल्या घराघरांत, रिकाम्या रांजणांतून खेमाचा आवाज ऐकू यायचा, असं म्हणतात. बायका जात्यावरचा हात थांबवून सिदबाच्या गोष्टी ऐकायच्या.

एकविसाव्या दिवशी खेमा म्हणाला, "सांगून झालं. आता काय ऱ्हायलं न्हाई." आणि त्याने पहार मारली. खडक फुटला. पाणी असं उसळलं, की लांबच्या माळावरची गुरं दावी तोडून धावत आली. हैबतीने हिसक्याची वाट पाहिली नाही, तो ओढायला लागला. त्याला खेमाला हाक मारायची होती, पण दोर हातात होता. दोर येतच राहिला. सूर्य तीनदा मावळला तरी दोर संपेना, हैबतीच्या तळहातांची कातडी दोराला चिकटून गेली, असं म्हणतात. शेवटी फळी वर आली. तिच्यावर कुणी नव्हतं. खेमाला फळी सापडली नाही, की तो तिच्यावर बसलाच नाही, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

हैबती पुढे पुष्कळ जगला. हात कामातून गेले होते. तो विहिरीच्या कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सिदबाच्या गोष्टी सांगायचा, एकही न गाळता.

भाळवडला अजूनही कुणी कुणाच्या आईबापाला, बायकोला, बहिणीला वाकडं बोललं, तर मारामारी होत नाही आणि ते गिळूनही टाकत नाहीत. बोलणाऱ्याला खेमाच्या विहिरीवर नेतात. त्याच्या हातात दोर देतात आणि घागर भरून ओढायला लावतात. विहीर खोल आहे, घागर यायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात ज्याच्या माणसाचा अपमान झाला तो आपलं माणूस कसं आहे ते सांगतो. दोर ओढणाऱ्याने ऐकायचं. घागर वर आली की पहिली ओंजळ सांगणाऱ्याला द्यायची.

मग सगळे थोडा वेळ गप्प उभे राहतात. सिदबाचं गाणं वाईट होतं, तो बेडकाला भ्यायचा, हे भाळवडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण खेमा दिसायला कसा होता, त्याला काय आवडायचं, हे गावात कुणालाच माहीत नाही. त्याच्याबद्दल सांगणारं माणूस उरलं नव्हतं. म्हणून तो गप्प वेळ खेमाचा.