भुरीला लागलेली डुलकी

डोंगरात माणसांच्या वाटा पडल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. सांबरांच्या कळपात भुरी आपल्या आंधळ्या आईला सांभाळत होती. उतारावर ती आईला अंगाचा आधार देई, कोवळा पाला आणून देई आणि सगळे झोपले तरी जागी राही. "लेक असावी तर अशी!" असं म्हणून कळप चरायला निघून जाई.

एका दुपारी आई पाणवठ्यावर पाणी पीत असताना भुरीला उभ्याउभ्याच डुलकी लागली. तेवढ्यात आईला बिबट्याचा वास आला.

"भुरे!"

वास अगदी जवळ आला. आईने भुरीला जोरात ढुशी दिली. दोघी पाण्यात कोसळल्या आणि बिबट्याची झेप रिकाम्या काठावर पडली. आवाज ऐकून कळप धावत आला, तसा बिबट्या झाडीत पळाला.

"चुकलं गं आई," भुरी म्हणाली. "आता डोळा लागू देणार नाही."

"तुझं नाही चुकलं." आई कळपाकडे वळली. "कौतुक पुरे झालं! आज हिच्या जागी माझ्याजवळ कोण थांबतंय?"

शेवटी एक तरणी सांबरी पुढे आली. "काकू, तुम्हाला कोणत्या बाजूने आधार लागतो?"

"डावीकडून," आई म्हणाली.

ते ऐकायला भुरी जागी नव्हती.